पश्चात्तापाचा अर्ज

“दादा, ती पोर डावीकडून आली होती का उजवीकडून?”

वत्सलावहिनी मला भात वाढत होत्या. त्यांचा हात तसाच थांबला. भात डावात, डाव माझ्या ताटावर.

रविवारची उपासना आटोपून आम्ही नुकतेच जेवायला बसलो होतो. दादा म्हणजे माझे थोरले दीर, रेव्हरंड मनोहर उजागरे. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. गावात त्यांना मान होता. सकाळीच त्यांनी इतका सुंदर संदेश दिला होता की माझ्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई डोळे पुसत होत्या. आणि हा प्रश्न विचारणारा माझा नवरा, दयानंद. दादांचा धाकटा भाऊ. दादांना कधी चढ्या आवाजात बोललेला नाही, कधी त्यांच्या शब्दाबाहेर गेलेला नाही.

आवाज आताही चढा नव्हता. चटणी वाढा म्हणावं तसं त्यानं विचारलं होतं.

“जेवण होऊ दे, दया,” दादा म्हणाले.

“जेव की तू. मी नुसतं विचारलं.”

कोणती पोर, हे मला विचारावं लागलं नाही. मला एवढंच कळेना, की हे तो दादांना कशाला विचारतोय? अपघात दयानंदच्या हातून झालेला. तुरुंगात दयानंद जाऊन आलेला. मग ती पोर कुठल्या बाजूनं आली ते दादांना काय माहीत असणार?

माझं नाव एस्तेर. मी नगरच्या एका मिशन दवाखान्यात नर्स होते. दयानंदचं स्थळ आलं तेव्हा त्यानं स्वतःहून मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “एक जीपची केस झाली होती. एक पोरगी गेली. सजा मी भोगलीय, सहा महिने. तुला नको वाटत असेल तर आत्ताच नको म्हण.” मला त्याचा सरळपणा आवडला. माझे वडील कुरकुरत होते, तेव्हा दादा आमच्या घरी आले आणि म्हणाले, “माझ्या भावासारखा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही. देवाला साक्षी ठेवून सांगतो.” पाळकाचाच शब्द. वडील गप्प झाले.

दयानंद औद्योगिक शाळेत सुतारकाम शिकवायचा. सायकलवर जायचा, सायकलवर यायचा. त्याचं लायसन त्या केसमध्येच गेलं होतं, आणि पुन्हा काढायचं नाव त्यानं घेतलं नाही. आमची रूथ झाली. दिवस बरे चालले होते. मग दवाखान्याचे वॉर्ड एकेक करून बंद व्हायला लागले. आधी बाळंतपणाचा, मग मुलांचा. माझ्याबरोबर शिकलेली शांता कॅनडात होती. ती फोनवर म्हणाली, “इथं सास्काचेवानमध्ये नर्सेस हव्यात. सगळ्या घरालाच घेतात. तू ये.”

परीक्षा दिल्या, पास झाले, तिथल्या एका दवाखान्यानं पसंतही केलं. पुढचं काम पुण्याच्या पारसनीस बाई बघत होत्या. त्या वकील होत्या आणि परदेशी जाणाऱ्यांचंच काम करायच्या. त्यांनी विचारलं, “घरात कुणावर कधी गुन्हा?” दयानंदनं सांगितलं. मी पटकन म्हटलं, “पण ते जुनं आहे हो. सजा भोगून झालीय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं. “तुमच्या दृष्टीनं झालीय. आपल्याकडे त्याला निष्काळजीपणा म्हणतात. त्यांच्या कायद्यात गाडी चालवताना माणूस मेला तर तो फार मोठा गुन्हा धरतात. किती जुना आहे ते पाहत नाहीत.”

“मग मी आणि रूथ पुढे जातो. हे मागून येतील.”

“तसं होत नाही. नवरा अडला की बायकोही अडते. कायद्यानं वेगळे झालात, तरच तुम्ही मोकळ्या.”

परतीच्या एसटीत दयानंद बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, “वेगळं व्हायचं असेल तर मी सही करतो. रूथचं चांगलं होईल.”

भर एसटीत मी त्याच्यावर ओरडले. लोक वळून बघायला लागले. पुन्हा हा शब्द काढायचा नाही म्हणून मी त्याला बजावलं.

एकच वाट होती. आपण त्या गुन्ह्यातून सुधारलो आहोत, असं त्यांच्या सरकारला पटवून द्यायचं. त्याचा अर्ज असतो, आणि अर्जासोबत स्वतःच्या शब्दांत लिहिलेलं पत्र. दयानंदनं पत्र लिहिलं. चार ओळी. अपघात झाला, मुलगी वारली, मला वाईट वाटतं, मी शिक्षा भोगली. पारसनीस बाईंनी ते परत पाठवलं. फोनवर मला म्हणाल्या, “एस्तेरताई, हे पत्र आहे का पंचनामा? तो अधिकारी रोज असली पत्रं वाचतो. त्याला माणूस दिसला पाहिजे. मुलगी कशी समोर आली, यांनी काय पाहिलं, काय केलं, काय केलं नाही, त्यानंतर कसे जगले. बारीकसारीक लिहायला सांगा. असं कोरडं गेलं, तर सरळ नकार येईल.”

मी त्याच्या मागे लागले. तो रोज संध्याकाळी कागद घेऊन बसायचा आणि रोज कोरा कागद घडी करून ठेवायचा. मी म्हणायचे, “अहो, जे दिसलं ते लिहायचं. त्यात एवढं काय?” तो म्हणायचा, “बघतो.”

एकदा तो स्वतःच बाईंना फोन करताना मी ऐकलं. “एखाद्यानं लिहिलं, की हे मी केलंच नाही, तर?” पलीकडून त्या बराच वेळ बोलत होत्या. फोन ठेवून तो मला म्हणाला, “त्या म्हणतात, शिक्षा झालेला माणूस असं बोलला, की ते म्हणतात याला पश्चात्तापच नाही. अर्ज बाजूला टाकतात. शिवाय कोर्टात खोटं बोललो, हा आणखी एक गुन्हा.”

“पण असं विचारलंतच कशाला?”

“सहज,” तो म्हणाला. मग म्हणाला, “रविवारी दादाकडे जाऊ या.”

रूथला शेजारी ठेवून आम्ही आलो होतो ते असे.

दादांनी भात कालवला होता, पण घास उचलला नव्हता. पंखा फिरत होता. बाहेर उपासनेहून रेंगाळलेली माणसं फाटकाशी बोलत उभी होती, त्यांचं हसणं आत ऐकू येत होतं.

“डावीकडून,” दादा ताटाकडे बघत म्हणाले.

मी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. “दादांना कसं माहीत? दादा होते का तुमच्याबरोबर जीपमध्ये?”

दयानंदनं ताट थोडं बाजूला सारलं.

“अहो, मी विचारतेय. दादा जीपमध्ये होते का?”

“दादा होता,” दयानंद म्हणाला. “मी नव्हतो.”

वहिनींनी डाव भाताच्या पातेल्यात ठेवला आणि जाऊन पुढचं दार लावून घेतलं. त्यावरून मला कळलं, की त्यांना हे माहीत होतं. त्या खोलीत माहीत नसलेली मी एकटीच.

दयानंदनंच सांगितलं, आणि मला सांगताना तो माझ्याकडे नाही, दादांकडे बघत होता. दादा तेव्हा सेमिनरीत शिकत होते, नाताळच्या सुट्टीला घरी आलेले. मिशनची जीप दारात असायची, कारण ती दयानंद चालवायचा. लायसन त्याचं होतं. दादांना गाडी येत होती, पण लायसन नव्हतं. त्या दिवशी ते मित्राला भेटायला म्हणून एकटेच जीप घेऊन गेले आणि दिवेलागणीला परत आले ते जीपचा एक दिवा फुटलेला, अंगाला कापरं भरलेलं.

“मी आईच्या खाटेला नवार भरत होतो,” दयानंद म्हणाला. “आई आत आली. म्हणाली, दया, ही जीप तू चालवतोस हे सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्याकडे लायसन आहे, त्याच्याकडे नाही. त्याला पाळकाची दीक्षा मिळायचीय. तुझ्या बापानं मरताना तेवढंच मागितलं. तू जा, दंड होईल नि सुटशील. मी नवार तशीच टाकली आणि चौकीवर गेलो.”

“दंडावर भागेल असंच वकील म्हणाले होते,” दादा पुटपुटले.

“हो. मॅजिस्ट्रेटला पटलं नाही. पोरीला टाकून पळालेला माणूस, म्हणाले.”

मला आधी राग आला नाही. आधी मला लग्नाआधीचं त्याचं बोलणं आठवलं. केस झाली होती, म्हणाला होता. सजा मी भोगली, म्हणाला होता. मी केलं, असं तो कधीच म्हणाला नव्हता. इतकी वर्षं मी ते ऐकलंच नव्हतं. मग राग आला.

“मग हेच लिहू या,” मी म्हणाले. “दादा, तुम्ही लिहून द्या. स्टॅम्पपेपरवर द्या. माझ्या नवऱ्यानं काही केलेलं नाही. त्याचा व्हिसा का अडावा? माझी पोर का अडावी?”

“आणि ह्यांचं?” वहिनी म्हणाल्या. “ह्यांनी इतक्या लोकांचे बाप्तिस्मे केले, लग्नं लावली, मयतीला उभे राहिले. ते सगळं काय होतं, असं लोक विचारतील, एस्तेर.”

“विचारू देत!”

“थांब, वत्सला,” दादा म्हणाले. “एस्तेर म्हणते ते बरोबर आहे. मी देतो लिहून. आज देतो.”

ते खरंच उठायला लागले होते. आजही मला वाटतं, त्या क्षणी त्यांनी लिहून दिलं असतं.

“बस, दादा,” दयानंद म्हणाला. “त्याचा काही उपयोग नाही. मी बाईंना विचारलंय. तू दिलंस तर तूही अडकशील, मीही अडकेन, आणि अर्ज बुडायचा तो बुडेलच. मी त्यासाठी आलो नाही. मला ते पत्र लिहायचंय आणि मला काहीच माहीत नाही. मी सहा महिने आत होतो, पण तिथं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. आता सांग. जसं झालं तसं.”

दादांनी हात धुतले. पंच्याला बराच वेळ हात पुसत राहिले. मग खुर्ची खिडकीकडे ओढून, आमच्याकडे अर्धी पाठ करून बसले.

“दोन्हीकडे ऊस होता,” ते म्हणाले. “कारखान्याच्या पुढे ऊसतोडीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या होत्या रस्त्याला लागून. उजेड जात आला होता. मी जोरात होतो. मला जोरात चालवायला आवडायचं, कारण मला कधी मिळायची नाही. ती उसातून आली, डावीकडून. हातात बाटली होती, रॉकेलची असावी. मी ब्रेक दाबला. आवाज फार झाला नाही. मला वाटलं, बाटलीच लागली.”

“मग?”

“मी थांबलो. मागे गेलो.”

“थांबलास?” दयानंद म्हणाला. “मी कोर्टात सांगितलं, थांबलो नाही. आईनं तसंच सांगायला सांगितलं होतं.”

“आईला मी तसंच सांगितलं होतं.” दादांचा आवाज खाली गेला. “रस्त्याकडेच्या चारीत पडली होती. डोळे उघडे. मला बघून म्हणाली, माझी चप्पल कुठं हाय? मी म्हणालो, आहे, आहे. ती म्हणाली, नवी हाय, आई मारंल. मी शोधली. एक रस्त्यावर सापडली, एक तिच्याजवळच होती. दोन्ही तिच्या पायात घातल्या.”

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की हे त्यांनाही नवीन आहे.

“नीट बोलत होती?” मी विचारलं. माझ्या तोंडून ते आपोआप आलं, वॉर्डात विचारते तसं. “शुद्धीत होती? रक्त?”

“रक्त दिसलं नाही. पोट दुखतंय म्हणाली. थंडी वाजतीय म्हणाली.”

“पोट कडक लागत होतं?”

“मी हात लावला नाही, एस्तेर.”

मला पुढचं विचारायची गरज नव्हती. आत रक्तस्राव होत असणार. आमचा दवाखाना त्याच रस्त्यावर, जीपनं अगदी जवळ. त्या वर्षी आमच्याकडे पोटाची ऑपरेशनं करणारे चांगले सर्जन होते.

“वाचली असती,” मी म्हणाले.

वहिनी आत निघून गेल्या.

“मी तिला उचलणार होतो,” दादा म्हणाले. “देवाशपथ उचलणार होतो. तेवढ्यात कारखान्याकडून ट्रॅक्टरचा दिवा दिसला. मला वाटलं, ते बघतील. ते घेऊन जातील. मी तिला म्हणालो, आलो हं. ती म्हणाली, लवकर ये. मी जीपमध्ये बसलो आणि निघालो. ट्रॅक्टर मध्येच कुठेतरी वळला असावा. तिला माणसं सापडली ती बऱ्याच उशिरानं. हे मला नंतर कळलं.”

दयानंद हे सगळं कसं ऐकत होता ते मला सांगता येणार नाही. लाकडाचं माप घेताना त्याचे डोळे बारीक व्हायचे, तसे झाले होते. तो लहान लहान प्रश्न विचारत होता. अंगात काय होतं? हिरवा परकर, वर कुणाचा तरी मोठा सदरा. केस? मोकळे. तू आलो हं म्हणालास, तेव्हा ती रडत होती? नाही, रडत नव्हती. तिनं तुझा हात धरला होता? बोट धरलं होतं. सोडवून घ्यावं लागलं? हो.

“तू तिचं नाव विचारलंस?”

“नाही.”

“कमळ,” दयानंद म्हणाला. “कोर्टात तिची आई आली होती. ती सारखी माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली नाही, कारण मी काही केलं नव्हतं. तिला वाटलं असेल, काय निर्लज्ज माणूस आहे. सुटल्यावर मी त्यांना शोधत गेलो, तर टोळी कुठल्या कुठे गेली होती.”

दादा खुर्चीतून उठले आणि दयानंदच्या पायाशी जमिनीवर बसले. ज्यांच्यापुढे गाव मान वाकवायचं ते दादा. त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून ते रडायला लागले. “दया, मला क्षमा कर.”

दयानंदनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. क्षमा केली असं म्हणाला नाही, आणि नाही केली असंही म्हणाला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “आम्ही निघतो, दादा. दुपारची गाडी चुकेल.”

पुढचे दोन दिवस तो शाळेच्या वर्कशॉपमध्ये, मुलं गेल्यावर, पत्र लिहीत बसला. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. पत्र मराठीत होतं, पारसनीस बाई त्याचं इंग्रजी करणार होत्या. सगळं होतं त्यात. ऊस, चारी, हिरवा परकर, धरलेलं बोट. सगळीकडे ‘मी’ होतं. मी थांबलो. मी तिला म्हणालो, आलो हं. मी तिचा हात सोडवला. मला तिचं नाव माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही.

“अहो, चुकलंय हे,” मी म्हणाले. “म्हणजे, थांबून मग पळालो असं कशाला लिहायचं? तुम्ही कोर्टात वेगळं सांगितलं होतं, थांबलो नाही म्हणून. यानं उलट वाईट दिसेल.”

“वाईट होतंच ते,” तो म्हणाला.

पत्र पोचल्यावर बाईंचा फोन आला. म्हणाल्या, “हे त्यांनीच लिहिलंय?”

“हो.”

“मी इतकी वर्षं हे काम करतेय. असं पत्र माझ्या हातून गेलेलं नाही. हा माणूस हे सगळं पोटात घेऊन इतकी वर्षं कसा जगला हो?”

“अर्ज कधी जाईल?” मी विचारलं.

वर्षाहून जास्त वाट बघावी लागली, पण अर्ज मंजूर झाला. बाई म्हणाल्या, असलं प्रकरण सहसा सुटत नाही, पत्रानं सुटलं. निघायच्या आदल्या दिवशी दादा-वहिनी आमच्याकडे प्रार्थनेला आले. सामान बांधून झालेलं, जमिनीवर सतरंजी टाकून आम्ही बसलो. दादांच्या चेहऱ्यावर तेज आलं होतं. अंगानं थोडे भरलेही होते. प्रार्थना झाल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं.

“एस्तेर, तुला एक सांगू? त्या रविवारनंतर मला झोप लागायला लागली. इतक्या वर्षांनी. छातीवरून धोंडा उचलल्यासारखं झालं.”

त्यांना खरंच वाटत होतं, की मला हे ऐकून बरं वाटेल.

सास्काचेवानचं आमचं गाव लहान होतं. दवाखाना, दोन चर्च, धान्याची उंच कोठारं, आणि चहूकडे सपाट जमीन. बस नव्हती. मी गाडी शिकले. दयानंदला एका सुताराकडे काम मिळालं, आणि तो बर्फातनंही पायीच जायचा. मी गाडीनं सोडते म्हटलं तर कधी कधी बसायचा, पण मागे. पुढच्या सीटवर तो कधीच बसला नाही. पहिला हिवाळा मी समजत होते, की हे नवखेपण आहे, जाईल.

मग एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी, पश्चात्ताप करून भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, सगळे उठून पुढे गेले आणि तो बाकावर बसून राहिला. पुढच्या वेळीही. मी विचारलं, तर म्हणाला, “माझं अजून व्हायचंय.”

“काय व्हायचंय?”

तो कोट चढवून पायी घरी निघाला. तिथल्या पाळकांना मी सांगितलं, की त्यांना इंग्रजी प्रार्थना नीट कळत नाही. दादांचा दर नाताळाला फोन यायचा. दोघं हवापाण्याचं बोलायचे. दादांना मोठं पद मिळालं होतं, कित्येक मंडळ्या त्यांच्या हाताखाली आल्या होत्या. दयानंद म्हणायचा, “वा, छान झालं, दादा.” ते तो मनापासून म्हणायचा. मला ते सहन व्हायचं नाही, आणि मी उठून भांडी घासायला लागायचे.

रूथ सोळा वर्षांची झाली. तिथं त्या वयात मुलं गाड्या चालवतात. ती आनंदानं शिकाऊ लायसन घेऊन आली. शनिवार होता, दुपारचं जेवण झालेलं. तिनं बापाला म्हटलं, “पप्पा, आई बिझी असते. तुम्ही लायसन काढून बसाल का शेजारी? लायसन असलेलं कुणीतरी मोठं लागतं.”

दयानंदनं तिला समोर बसायला सांगितलं.

“तुला एक सांगायचंय,” तो म्हणाला. “तुझ्यापेक्षा थोडाच मोठा होतो मी. एक पोरगी माझ्या जीपखाली आली. तिचं नाव कमळ होतं.”

मी ओट्यापाशी होते. मला वाटलं, आता तो खरं सांगेल. पोर मोठी झाली, परक्या देशात आहोत, आता कुणाचं काय जायचंय? पण तो जसं पत्रात होतं तसंच बोलत गेला. मी थांबलो. मी खाली उतरलो. तिनं माझं बोट धरलं, आणि मी सोडवून घेतलं. ती लवकर ये म्हणाली आणि मी गेलो नाही. बोलताना त्याची उजव्या हाताची तर्जनी डाव्या मुठीत होती आणि तो ती एकेक बोट उघडून मोकळी करत होता. बोट कसं सोडवलं, ते दादांनी आम्हाला सांगितलं नव्हतं.

रूथ उठली. तिच्या चेहऱ्यावर बापाची भीती होती. ती मी आधी कधी पाहिली नव्हती. ती जिना चढून खोलीत गेली आणि दार लागल्याचा आवाज आला.

“अहो,” मी म्हणाले. “हे काय केलंत? तुम्ही नव्हता तिथं. तुम्ही घरी खाटेला नवार भरत होता. तुम्हाला आठवतंय ना?”

मला खरंच भीती वाटत होती, की तो नाही म्हणेल.

“आठवतंय की,” तो म्हणाला. “मला वेड लागलेलं नाही, एस्तेर.”

“मग पोरीला असं का सांगितलंत? पत्र गेलं, काम झालं. दादा मजेत आहेत. तुम्हीही टाकून द्या ना आता ते.”

तो खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर काही नव्हतं, फक्त बर्फ आणि रस्ता.

“दादा तिला सोडून गेला,” तो म्हणाला. “मग मला सांगून दुसऱ्यांदा सोडून गेला. तिचे आईबाप कुठे आहेत, आहेत का नाहीत, देवाला ठाऊक. ती काय बोलली, तिला थंडी वाजत होती, हे जगात आता माझ्याशिवाय कोण धरून आहे? मीही ‘तिथं नव्हतो’ म्हणालो, तर ती त्या चारीत एकटी राहील.”

त्याच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं, पण तो माझ्यापासून फार लांब बसल्यासारखा वाटत होता. मी ओले हात पुसले आणि जिना चढून वर गेले.

रूथ पलंगाच्या कडेला बसली होती. तिनं लगेच वर बघितलं. ती वाटच बघत होती, की मी येऊन तिला काहीतरी दुसरं सांगेन.

“आई,” ती म्हणाली, “पप्पा म्हणाले ते खरं आहे?”

खाली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो दार उघडून पायी कुठेतरी निघाला होता.

मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, “हो.”